मुलगा बुद्धिबळातली ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करून कंटाळलाय. चेस 960, म्हणजे मोहऱ्यांची सुरुवातीची मांडणी बदलून खेळायचं बुद्धिबळ, खेळू द्यावं का?

द्या की! फक्त नेहमीचं बुद्धिबळ सोडवू नका. ठाण्यात मुलांच्या स्पर्धा बहुतेक त्याच मांडणीवर होतात. माजी विश्वविजेता बॉबी फिशरने 1996 मध्ये 960 आणलं ते याच पाठांतराला वैतागून. मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून लावायची. अटी दोनच: उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. काळ्याची मांडणी समोर हुबेहूब तशीच. अशा 960 मांडण्या होतात, नेहमीची त्यातलीच एक. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) तेवढा सुरुवातीला गोंधळ घालतो: राजा-हत्ती कुठूनही निघोत, शेवटी नेहमीच्याच घरांत बसतात. घोडा-उंटांचा मेळ जमवायला पहिल्या चालीपासून डोकं लागतं, म्हणून रविवारी एखादा डाव पुरे. क्लासचे सर कदाचित नाक मुरडतील.