एट डी भरायच्या आधी

अगं, तुझा मेसेज वाचला. बोअर ओव्हरसाइजची, म्हणजे पीसमधलं भोक मापापेक्षा मोठं झाल्याची कम्प्लेंट आलीये आणि साहेब म्हणतायत संध्याकाळपर्यंत एट डी (कम्प्लेंट सोडवायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) भरून पाठव, म्हणून फॉरमॅट कसा भरायचा ते तू विचारतेयस. फॉरमॅट भरणं अर्ध्या तासाचं काम आहे गं. पण डेस्कवर एकटीने बसून भरलेला एट डी म्हणजे कस्टमरला गप्प करायचा कागद, तीच कम्प्लेंट काही महिन्यांनी परत दारात उभी राहते.

फोर्डने १९८७ मध्ये या पद्धतीचं मॅन्युअल काढलं, त्यातसुद्धा पहिली पायरी टीमचीच आहे, प्रॉब्लेम नीट मांडणं त्यानंतर येतं. म्हणून आधी माणसं जमव. क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि ज्याच्या हाताखालून तो पीस जातो तो ऑपरेटर, मग तो कॉन्ट्रॅक्टवरचा का असेना. त्याला बसायला खुर्ची दे आणि साहेब लोकांच्या आधी त्याला बोलू दे, नाहीतर तो सगळ्याला नुसतं "हो साहेब" म्हणत राहील.

कंटेनमेंट, म्हणजे खराब माल पुढे जाण्यापासून अडवणं, मात्र आजच्या आज. स्टोअरमधला माल, लाइनवरचा, ट्रकमध्ये निघालेला आणि कस्टमरकडे पडलेला, सगळीकडे सॉर्टिंग लाव, चांगले-खराब पीस वेगळे कर आणि आकडे लिहून ठेव. पण सॉर्टिंग झालं म्हणजे प्रॉब्लेम सुटला असं कुणाला वाटू देऊ नकोस, खूप ठिकाणी गाडी इथेच थांबते.

आता मुख्य गोष्ट. कारण शोधायची घाई करू नकोस, आधी प्रॉब्लेम कुठे आहे आणि कुठे नाही याचा तक्ता कर. कुठल्या मशीनवर येतो, कुठल्यावर नाही, कुठल्या शिफ्टला, लॉटच्या सुरुवातीला का मधे. माझ्या पाहण्यातली एक केस सांगते, तुझ्यासारखीच होती, सीएनसी लेथवरचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवरचा) बोअर. सगळे इन्सर्टला (कापणाऱ्या टूलच्या टोकाला) आणि ऑपरेटरला दोष देत होते, आणि तक्ता भरल्यावर दिसलं की खराब पीस फक्त जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले काही, शिफ्टच्या मधले सगळे ओके. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, मशीन थंड झालं की साइज सरकते, आम्हाला माहितीये. त्याला माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं! मशीन चालून गरम होतं तसे त्यातले स्पिंडल आणि बॉलस्क्रू हे फिरणारे भाग प्रसरण पावतात, ऑफसेट (टूलच्या जागेचं सेटिंग) गरम मशीनवर सेट केलेला, मग थंड मशीनवर तो चुकणारच.

तरी तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुद्दाम मशीन थंड होऊ दिलं, पीस काढले, दोष आला. मग वॉर्मअप सायकल चालवून काढले, दोष नाही. असा दोष आपल्या हाताने आणता आणि घालवता आला तरच ते खरं कारण समज. फिशबोन, व्हाय-व्हाय अशा कारण शोधायच्या पद्धती सगळ्या कर, पण त्यातून निघतो तो अंदाज, तो मशीनवर जाऊन तपासावाच लागतो.

आणि "का" दोनदा विचारायचं. दोष तयार का झाला, आणि झाला तर आपल्या चेकिंगमधून का निसटला. त्या केसमध्ये चेकिंग तासाला एकदा होतं आणि सुट्टीनंतरचे पीस नेमके मधे निसटायचे. म्हणून वॉर्मअप प्रोग्रॅम आला आणि कंट्रोल प्लानमध्ये (काय, कधी चेक करायचं त्या यादीत) मशीन थांबून परत चालू झाल्यावर पहिला पीस चेक करायचं आलं, दोन्ही. "ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं" हे वाक्य तुझ्या रिपोर्टमध्ये मला दिसता कामा नये. माणूस चुकला असेल तर त्याला चुकू देणारी प्रोसेस शोध, ट्रेनिंगच्या शीटवर सही घेऊन बोअरची साइज बदलत नाही.

नंतर एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं त्याचा तक्ता, अपडेट कर, आणि तसल्याच बाकीच्या मशीनवर पण तेच लागू कर, हे लोक हमखास विसरतात. साहेबांना आजच सांग की संध्याकाळी कंटेनमेंटपर्यंतचं जाईल, कारण शोधून तपासायला काही दिवस लागतील, कस्टमरला तारीख देऊन कळवूया. बहुतेक कस्टमरना हे चालतं, पहिल्या दिवशी त्यांनाही आधी कंटेनमेंटच हवं असतं. शेवटची पायरी टीमचं कौतुक करायची आहे, ती रिकामी सोडू नकोस. त्या ऑपरेटरचं पूर्ण नाव रिपोर्टमध्ये टाक आणि त्याने काय सांगितलं ते प्लांट हेडसमोर, तो स्वतः हजर असताना सांग.