माझी चार वर्षांची मुलगी फार शांत आहे, तिचा वाढदिवस कसा साजरा करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी घरात दिवसभर गाणी म्हणते, पण पाहुणे आले की तोंड उघडत नाही. आणि घरचे म्हणतात, मोठा हॉल घ्या, चाळीस मुलं बोलवा, म्हणजे धीट होईल. मी नागपूरची. माझा मुलगा यंदा सहा वर्षं पूर्ण करतोय आणि तो अगदी असाच आहे. म्हणून सरळ सांगते, हॉल घेऊ नका.

आम्ही घेतला होता, त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला. स्पीकर, फुगे, खेळ घेणारा दादा. त्या दादाने माईक त्याच्या तोंडापुढे धरला, "नाव सांग बाळा, जोरात!" सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता. केक कापायच्या आधीच तो टेबलाखाली जाऊन कानांवर हात धरून बसला आणि नातेवाइकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. मी ते होऊ दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे कितीतरी दिवस फुगा दिसला की तो दाराआड जायचा.

मला खरी समज आली ती पुढच्या वर्षी. त्याचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या मागेपुढे येतो. पोळ्याच्याच दिवशी पिठोरी अमावास्या असते. आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते, मुलाकडे पाठ करते आणि विचारते, "अतीत कोण?" मुलाने मागून आपलं नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "पोट्टं काही बोलणार नाही, तूच त्याचं नाव घे." मी तरी विचारलं. मागून आवाज आला, बारीक पण स्वच्छ. स्वतःचं नाव, बाबांचं नाव, आडनाव. आणि मग, "आई, वाटी तिरकी झाली, खीर सांडेल."

वर्षभर ज्याला जो तो हनुवटी धरून नाव विचारत होता, त्याने ते न अडखळता सांगितलं, कारण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. बोलणं त्याच्याकडे होतंच. नको होत्या त्या रोखलेल्या नजरा. तेव्हापासून मी त्याला काही विचारायचं तर पोळी लाटता लाटता विचारते, किंवा स्कूटीवर तो मागे बसलेला असताना. तुम्हीही करून बघा.

आणि ही मुलं गप्प असतात तेव्हा बघत असतात. आजी डाव्या पायावर जोर देत नाही, हे आमच्या घरात सगळ्यात आधी त्याला दिसलं. पाय सुजला होता, आम्हा मोठ्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. असा मुलगा मला मिळालाय आणि वाढदिवसाला मला त्याचंच कौतुक करायचं असतं.

आता आमच्याकडे सकाळी फक्त घरच्यांत औक्षण होतं. केकऐवजी त्याच्या आवडीची संत्रा बर्फी असते, आणि सगळ्यांनी घेरून गाणं म्हणायचं नाही. पाहुणे दोनच, शेजारचा मित्र आणि मामेबहीण. मित्राला अर्धा तास आधी बोलावते, म्हणजे माणसं एकदम अंगावर येत नाहीत. वाट्या वाटायचं काम त्याच्याकडे असतं. हाताला काम असलं की तो आपोआप माणसांत मिसळतो. भेटी सगळे गेल्यावर उघडतो, कारण समोर बसून आनंद दाखवायचा म्हटलं की त्याला दडपण येतं.

दुपारी आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, त्याला कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात नेतात. २००२ पासूनचं हे संग्रहालय आहे, अडीच फुटी रुळांवरच्या जुन्या गाड्यांचं. आबाजी तरुणपणी नागपूर–छिंदवाडा छोट्या लाईनीने सावनेरला जायचे. २०१५ मध्ये ती छोटी गाडी बंद झाली. इंजिनापुढे उभे राहून ते हळू आवाजात सांगतात, हा हळू आवाजात विचारतो आणि तासभर दोघांना दुसरं कुणी लागत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, लाकडी नंदी घेऊन तो चार ओळखीच्या घरी जातो. बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, तोंडाने मागत नाही, नुसता नंदी पुढे करतो. लोक देतात. त्याच दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीला मात्र आम्ही त्याला अजून नेत नाही, तो कल्ला त्याला सोसत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. हाक मारल्यावर मुलगी वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आधी बोलायची ते शब्द गेले असतील, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि कानांची तपासणी करून घ्या. घरात भरभरून बोलते पण शाळेत पहिला महिना उलटून गेल्यावरही आणखी महिनाभर अवाक्षर काढत नसेल, तरीही दाखवा. त्याला 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. यातलं काही नसेल तर हा स्वभाव आहे. थॉमस आणि चेस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी निघाली. ढकललं की ती मागे सरतात, वेळ दिला की स्वतःच पुढे येतात.

यंदा पाहुण्यांत त्याने स्वतःहून तिसरं नाव घातलंय, वर्गातल्या एका मुलीचं. तीच का, असं पोळ्या लाटता लाटता विचारलं. म्हणाला, "ती पण हळू बोलते." तिच्या आईला आज संध्याकाळी फोन करायचा आहे.