लूपबॅक पास, तरी काट्याचं वजन येत नाही: सीरियल पोर्टची खरी तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वजनकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टरने संगणकाला जोडलाय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम३ हा सीरियल पोर्ट दिसतो, २ (घेणारी) आणि ३ (पाठवणारी) नंबरच्या पिना एकमेकींना जोडल्यावर टाइप केलेलं परत येतं (हीच लूपबॅक चाचणी), पण काट्याचं वजन काही येत नाही. दोष पोर्टचा की काट्याचा?

लूपबॅक पास होणं म्हणजे पोर्ट धडधाकट असणं नव्हे. त्या चाचणीत पाठवणारा आणि घेणारा एकच असतो, घड्याळही एकच. त्यामुळे बॉड रेट (सेकंदाला किती बिट) चुकला असला, व्होल्टेज निम्मं असलं, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) भलतीच असली तरी अक्षर गुमान परत येतं. ड्रायव्हर, केबलची वायर आणि चिप जिवंत आहेत एवढंच त्यातून कळतं. पुढचं वेगळं तपासावं लागतं.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना रोमन अक्षरं आणि साधे आकडे.)

आधी कमांड प्रॉम्प्टवर 'मोड कॉम३' द्या. 'इल्लीगल डिव्हाइस नेम' आलं तर त्या नावाचा पोर्टच नाही. सीएच३४० किंवा पीएल२३०३ चिपच्या कन्व्हर्टरला सहसा स्वतःचा सीरियल नंबर नसतो, म्हणून दुसऱ्या यूएसबी खाचेत घातला की कॉम नंबर बदलतो. वजनाचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. 'करंटली अव्हेलेबल नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट धरून ठेवलाय. बहुतेक वेळा तेच सॉफ्टवेअर मागे उघडं असतं. बॉड, पॅरिटी वगैरे नीट दिसलं तरी त्यावर विसंबू नका. ती विंडोजने लिहून ठेवलेली सेटिंग आहे, वायरवर काय चाललंय ते नाही.

लूपबॅक पुन्हा एकदा करा, पण नीट. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅमसोबत येणारं प्लिंक घ्या: 'प्लिंक -सीरियल कॉम३ -सरसीएफजी ९६००,८,एन,१,एन'. पहिला एन लहान लिपीतला, तो पॅरिटीचा. शेवटचा मोठ्या लिपीतला, तो फ्लो कंट्रोलचा, म्हणजे 'थांब, पाठव' अशा इशाऱ्यांचा. अक्षरं दिसली की टाइप करता करता २-३ मधली वायर काढा. तरीही अक्षरं उमटत राहिली तर ती लोकल एकोची, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच दाखवलेली आहेत, तुमची आधीची चाचणी बाद. सॉफ्टवेअर हार्डवेअर फ्लो कंट्रोल वापरत असेल तर ७-८ सुद्धा जोडून बघा, नाहीतर सीटीएसची (८ नंबरवरचा 'पाठव' हा इशारा) वाट बघत ट्रान्समिट अडकून पडतं आणि पोर्ट मेल्यासारखा वाटतो.

लिनक्सवर 'एसटीटीवाय' या पोर्टची सेटिंग करणाऱ्या आज्ञेने 'रॉ' आणि '-एको' दोन्ही लावल्याशिवाय 'कॅट' या आज्ञेने लूपबॅक करू नका. एको चालू राहिला तर आलेलं अक्षर कर्नल पुन्हा बाहेर पाठवतो, ते पुन्हा आत येतं आणि ही फुगडी थांबत नाही. पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरला तर ही भानगड नाही. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्या लावल्या पोर्ट गायब होत असेल तर डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बीआरएलटीटीवाय हे नाव शोधा. ते ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज आहे आणि ही चिप आपलीच समजून ती ताब्यात घेतं. कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तरच काढा.

आता मल्टीमीटर, डीसी २० व्होल्टवर. कन्व्हर्टर मोकळा, काळी प्रोब ५ नंबरला (ग्राउंड), लाल ३ नंबरला. काही पाठवत नसताना इथे ऋण व्होल्टेज हवं: उणे ५ ते उणे १२ च्या आसपास. स्वस्तातले कन्व्हर्टर उणे ५-६ देतात, चालतं. उणे ३ पेक्षा शून्याच्या जवळ असेल तर तो टाकून द्या, लूपबॅक कितीही पास होऊ दे. अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसलं तर तुमच्या हातात टीटीएल पातळीचा (थेट चिपच्या व्होल्टेजवर चालणारा) मॉड्यूल आहे, आरएस-२३२ चा, म्हणजे काट्याच्या सीरियल पोर्टच्या मानकाचा नाही.

मग हेच माप काट्याकडून आलेल्या केबलच्या टोकावर घ्या, कन्व्हर्टर न जोडता. २ आणि ३ पैकी जिथे ऋण व्होल्टेज मिळेल ती काट्याची ट्रान्समिटची वायर. ती कन्व्हर्टरच्या २ नंबरला जायला हवी. ३ ला जात असेल तर दोन ट्रान्समिट एकमेकांना भिडलेत, क्रॉस केबल लावा. दोन्हीकडे शून्य असेल तर काटा काही पाठवायच्या अवस्थेतच नाही, किंवा वायर तुटलीय. इंडिकेटरच्या मेनूत कंटिन्युअस आणि प्रिंट असे मोड असतात. प्रिंट मोडमध्ये बटण दाबल्याशिवाय एक बाइटही निघत नाही, पण ट्रान्समिट पिनवर ऋण व्होल्टेज तरी दिसतंच.

डेटा येतोय पण कचरा येतोय, अशी वेळ आली तर कचरा नीट बघा. सगळंच अगम्य असेल तर बॉड रेट चुकलाय. ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं, असं असेल तर काटा ७ बिट, इव्हन पॅरिटीवर आहे आणि तुम्ही ८ बिट, नो पॅरिटीवर वाचताय. ज्या आकड्याच्या कोडमध्ये एकची संख्या विषम, त्यात पॅरिटीचा बिट आठवा बिट म्हणून घुसतो. कॅरेज रिटर्नचंही (ओळीच्या सुरुवातीला आणणारं चिन्ह) तेच होतं, लाइनफीड (खालच्या ओळीवर नेणारं चिन्ह) मात्र वाचतो, म्हणून ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत खाली उतरतात. दोन्हीकडे एका अक्षराला १० च बिट लागत असल्याने फ्रेमिंग एररही (अक्षराचा शेवट जागेवर न सापडल्याची चूक) येत नाही. प्लिंकमध्ये '९६००,७,ई,१,एन' करा, सगळं सरळ होईल.

बॉड रेटबद्दल शंका असेल तर मोठ्या लिपीतला यू सलग पाठवा. ८-एन-१ मध्ये (८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप बिट) त्याचे बिट एकाआड एक पडतात, म्हणून ९६०० वर नेमकी ४८०० हर्ट्झची चौकोनी लाट मिळते. हर्ट्झ मोजणाऱ्या मल्टीमीटरवर ३ आणि ५ मध्ये बघा. दोन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. लिनक्सवर 'येस यू'ची नवी ओळ 'टीआर -डी'ने काढून पोर्टकडे वळवली की काम होतं.

हे सगळं टेबलावर ठीक आणि जागेवर गडबड असेल तर केबलची लांबी मोजा. आरएस-२३२ साठी १५ मीटर ही नेहमीची मर्यादा. ट्रकच्या काट्यापासून केबिनपर्यंतचं अंतर सहज त्यापुढे जातं. २-३ चा लूप मग कन्व्हर्टरवर नाही, केबलच्या काट्याकडच्या टोकाला करा. तिथे अक्षरं गळाली तर कन्व्हर्टर बदलून काही होणार नाही. बॉड २४०० वर आणून बघा, नाहीतर दोन्ही टोकांना लांब अंतरासाठीच्या आरएस-४८५ चे कन्व्हर्टर टाका.