वाचकांचे प्रश्न : पणजीचं नाव कुठे शोधू?

प्रश्न : आमचं गाव घणसोली. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वडिलांनी स्टॅम्पपेपरवर केलेली वंशावळ परवा कपाटात सापडली. खापरपणजोबांपासून सगळ्या पुरुषांची नावं आहेत. पणजीचं नाव मात्र नाही. आजोबांना दोन बहिणी होत्या म्हणतात, त्यांचाही पत्ता नाही. जुन्यांपैकी आता 84 वर्षांची आत्या तेवढी आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : आत्यापासून, आणि याच रविवारी. कचेरीतली नक्कल पुढच्या महिन्यातही मिळेल.

मी ठाणे जिल्ह्यात 28 वर्षं तलाठी होते. तुमच्याकडे आहे तशा वंशावळी माझ्या हाताखालून कितीतरी गेल्या. जमीन कुणाकडून कुणाकडे आली एवढंच त्यांत बघितलं जायचं, म्हणून बायकांची नावं गळायची. ते मला तेव्हाही लागायचं.

आत्याला एकदम ‘पणजीचं नाव काय’ विचारू नका. तिची ती आजी. ती ‘आये’च म्हणत असणार. तिचं माहेर कुठलं, भाऊबीजेला कोण यायचं, पायी की होडीतून, माहेरची माणसं काय हाक मारायची, हे विचारा. लग्नात नाव बदलायचं, तेव्हा दोन्ही नावं लिहून घ्या. आजोबांच्या बहिणी म्हणजे तिच्या आत्याच. त्या कुठल्या गावी दिल्या होत्या हे तिला हमखास आठवेल.

मग कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. पणजोबा मुलं लहान असताना गेले असतील, तर मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचं नाव सापडेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलांचा सांभाळ करणारं माणूस. कित्येक घरांत बाईचं नाव सरकारी कागदावर तेवढंच एकदा येतं. ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ दिसलं तर पुढे नवऱ्याचं नाव असतं; ‘बिन’पुढे बापाचं. कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतल्या, मृत्यूच्या नोंदीही बघा. त्या मोडी लिपीत असतील तर वाचणारा जाणकार सोबत न्या.

पणजोबा 1956 नंतर वारले असतील तर आणखी एक वाट आहे. त्या वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुली वारस झाल्या. त्यामुळे वारसाच्या फेरफारात बहिणींची नावं लागली असतील, आणि पुढे त्यांनी भावाच्या नावे हक्कसोड दिली असेल. तो दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकांकडे नक्कल मागा. त्यात बहिणीचं सासरचं नाव, वय, गाव सगळं असतं. हक्क सोडताना का होईना, तिची पूर्ण ओळख लिहिली गेलेली असते.

आणि माळ्यावरची भांडी खाली काढा. माझ्या आजीला सगळे लक्ष्मी म्हणायचे. ती गेल्यावर नौपाड्यातल्या आमच्या घरी मी तिचा तांब्या चिंचेने घासत होते. काळपट थर निघाला तशी गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली : ‘चि. गोदूस मामाकडून, वैशाख शके 1853’. 78 मिळवले, 1931 साल. गोदू हे तिचं माहेरचं नाव मला त्या दिवशी कळलं. ती माझ्या 24व्या वर्षापर्यंत होती. मी तिला कधी विचारलंच नाही. ओटा धरून बराच वेळ उभी राहिले होते.

प्रश्न : आमचं मूळ गाव नाशिककडचं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आमची नावं मिळतील का? – एक वाचक, कळवा

उत्तर : घरातलं कुणी पूर्वी तिथे जाऊन नोंद करून आलं असेल तर मिळतील. वह्या मूळ गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, कळव्याचा पत्ता सांगून उपयोग नाही. आजोबांचं, पणजोबांचं नाव तोंडपाठ करून जा. तुमची नोंद लिहून घेतील तेव्हा बायको, लेकी, सुना यांचीही नावं सांगा, लेकींची सासरची गावंही सांगा, आणि उपाध्ये वही मिटण्याआधी ती नीट उतरली आहेत ना ते वाचून बघा.