दहावीचा पहिलाच धडा

मॅडम, दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. म्हणजे जूनमध्येच एखादं पोरगं विचारणार, "मग देवानं माणूस घडवला ते खोटं का?" गडबडू नका. देवाचा निकाल त्या तासाला लावायचा नसतो. थिओडोसियस डोब्झान्स्की हे उत्क्रांतीच्या अभ्यासातलं केवढं मोठं नाव, आणि गडी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. एवढं सांगितलं तरी पुरतं.

मात्र दशावतार म्हणजेच डार्विन, ही जुळवाजुळव नको. मीही पहिली काही वर्षं मत्स्य, कूर्म, वराह असं फळ्यावर लिहून टाळ्या घ्यायचो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नरसिंहापासून वामन कसा झाला?" बोलती बंद! उत्क्रांती शिडी चढत नाही, तिला झाडासारख्या फांद्या फुटतात. शिवाय अशा जुळवाजुळवीत पुराणातली गंमतही जाते.

त्यापेक्षा पोरांना पाठीच्या कण्याचं टोक चाचपायला लावा. आपल्या भाषेत त्याला माकडहाडच म्हणतात! वर्ग हसतो, मग अक्कलदाढ, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) अशा पूर्वजांकडून उरलेल्या अवयवांचा विषय आपसूक निघतो. माकड आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद, हेही तिथंच सांगून टाका. आणि हो, कुणाच्या गळ्यात माळ असेल तर नेमकं तिकडे बघून बोलू नका.