लिस्बनचे तीन दिवस, आईंचे गुडघे सांभाळून

मे महिन्यात सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन तीन दिवस लिस्बनला जाताय, आईंचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी पण अंडं चालतं, तर काय बघावं आणि काय सोडावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी सोडायचं सांगते. सिंत्रा सोडा. ट्रेनने चाळीसेक मिनिटांवर म्हणून सगळे जातात, पण नावाजलेले राजवाडे डोंगरावर आहेत आणि तुमच्या तीनातला एक दिवस त्यातच जाईल. सांता जुश्ता लिफ्टची, म्हणजे खालच्या शहरातून टेकडीवर नेणाऱ्या जुन्या लोखंडी लिफ्टची, रांगही सोडा. तिच्या वरच्या टोकाला चढण टाळून जाता येतं, ते पुढे सांगते.

लिस्बन म्हणजे टेकड्या, आणि फुटपाथ बारक्या पांढऱ्या दगडांचे, लाखो पायांनी घासून काचेसारखे झालेले. पाऊस नसताना मी भर बाजारात सपशेल आपटले होते. आईंना चांगली पकड असलेले बूटच घ्या, सँडल नकोत.

पहिली सकाळ बेलेंला द्या. सोमवार मात्र नको, जेरोनिमोस मठ बंद असतो. काइस दो सोद्रे स्टेशनाहून लोकल पकडा. बेलेंचा परिसर नदीकाठचा, सपाट, गुडघ्यांना सोपा. हा मठ बांधायला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतला आणि त्यातला बराच पैसा मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला. म्हणजे ती दगडातली नक्षी थोडीफार आपल्या किनाऱ्याच्या जिवावर उभी आहे! चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी दिसते. शाळेत १४९८ घोकलेल्या बाबांना तिथे दोन मिनिटं द्या. गामा वारला मात्र कोचीला, १५२४ साली.

तिथून पुढे बेलेंचा बुरूज. आत जायची धडपड करू नका, जिने अरुंद आणि गोल आहेत. बाहेरूनच एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी दगडी गेंडा शोधा. झिजलाय, पण डोकं ओळखू येतं. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपला गेंडाच. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीने धूम ठोकली. जर्मन चित्रकार ड्युररने तो न बघताच, वर्णनावरून चिलखत घातल्यासारखा काढला. पुढे राजाने त्याला पोपकडे पाठवलं आणि वाटेत जहाजासकट बुडाला बिचारा. बुरुजावरचा गेंडा त्याच्यावरूनच केला, असं मानतात.

मठाजवळच १८३७ पासून चालणारं पास्तेल द बेलेंचं, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या टार्टचं दुकान आहे. बाहेरची रांग बघून मागे फिरू नका, ती बहुतेक पार्सलची असते. आत बसायला खोल्यांमागून खोल्या आहेत. गरम घ्या, वर दालचिनी भुरभुरा.

दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या बायशा-शियादो स्टेशनात शिरा आणि शियादोच्या दाराने बाहेर पडा. लांबलचक सरकते जिने अख्खी टेकडी तुमच्यासाठी चढतात. तिथून थोडं चाललं की कार्मोचा मठ. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात याचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आणि वर थेट आभाळ. मला अख्ख्या शहरात हीच जागा सगळ्यात आवडते. रविवारी बंद. मठाच्या मागच्या बाजूने गेलात की लिफ्टचा वरचा पूल, शहराचा देखावा तिथेही मिळतो.

तिसऱ्या दिवशी जुन्या गल्ल्यांतून जाणारी २८ नंबरची ट्राम. ती मार्तिम मोनिझच्या टोकाहून घेऊ नका, उभं राहावं लागेल. काम्पो द ओरिकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून सकाळी लवकर बसा. पाकीट पुढच्या खिशात, पर्स पोटावर. खिसेकापू अगदी सभ्य दिसतात. सांता लुझियाला उतरा. निळ्या टाइल्सच्या कठड्याशी बसलं की खाली अल्फामा या जुन्या वस्तीची कौलं आणि पलीकडे तेजो नदी. वरच्या साव जोर्जच्या किल्ल्यात चढ-उतार फार, बाबांना हवंच असेल तर ७३७ ची बस वर नेते.

खाण्याचं: काल्दु वेर्द हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी दिसतं, पण वर शोरीसुची, डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते, म्हणजे गोव्याचं चोरीसच. कॅफेच्या काचेमागे ‘शामुसा’ दिसेल. समोसाच तो, पण आत बहुतेक वेळा मांस, तेव्हा विचारून घ्या. बाकी मेनूत ‘बटाटा’ बटाटाच आहे आणि बेकरीत पाव मागायला नवा शब्द शिकावा लागत नाही, फक्त जरा नाकातून म्हणा.