वाचकांचे प्रश्न : उलटी घडी, काळा किमोनो

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या दुकानातून लाकडी डबीतला, काचेवरचा एका जपानी बाईचा फोटो घेतला. किमोनोची उजवी बाजू डाव्या बाजूवर आली आहे. अशी घडी फक्त मृतांना घालतात म्हणे. मग हा फोटो मृत बाईचा आहे का? अंबाड्यावरून आणखी काय कळेल? काच पुसली तर चालेल?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी फोटोची कुठली बाजू आपल्याकडे आहे ते पाहा. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर असते, हे तुम्ही ऐकलंत ते बरोबर. पण असा जुना फोटो बहुधा ओल्या कोलोडियनचा, म्हणजे काचेवर चिकट द्रवाचा थर देऊन तो ओला असतानाच काढलेला असतो. अशा काचेवर रसायनाचा थर लेन्सच्या बाजूला असतो. त्या थराकडून पाहिलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, काचेकडून पाहिलं की सुलटं. म्हणून नुसत्या उलट्या घडीवरून बाई मृत आहे असं म्हणता येत नाही. काच तिरक्या उजेडात धरा. नुसत्या काचेची बाजू एकसारखी चकाकते. थराच्या बाजूला ओरखडे, कडेला वार्निशचे ओघळ सापडतात. काच उलटवून मागे काळा कागद धरा, नाहीतर चित्र निगेटिव्हसारखं फिकट दिसेल. पुरुषाच्या फोटोत मात्र ही खूण फसवू शकते, कारण फोटो सुलटा दिसावा म्हणून काही सामुराई (जपानी योद्धे) मुद्दाम घडी उलटी घालून, तलवार उजवीकडे खोचून बसत.

अंबाडा गोल, मागे टेकलेला असेल तर तो मारुमागे, विवाहितेचा. मध्ये कागदी दोऱ्याने आवळलेला शिमादा बहुधा अविवाहितेचा किंवा गेइशाचा (नाचगाण्याने मनोरंजन करणारीचा). कानावरचे पंखासारखे फुगवलेले केस म्हणजे बिन, मानेवरचा फुगा ताबो. मेण-तेलाचं घट्ट मिश्रण लावल्याने हा डोलारा काही सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हलत नसे. चेहरा मात्र हलला की पुसट होई. नेमका काळ अंबाड्यावरून ठरवू नका. डबीच्या झाकणाची आतली बाजू पाहा, तिथे पुष्कळदा शाईने नाव, वय, तारीख लिहिलेली असते.

काच अजिबात पुसू नका. स्पिरिटने वार्निश आणि थर दोन्ही विरघळतात, ओल्या कापसाने थर सुटतो. धूळ मऊ ब्रशने, तीही फक्त काचेच्या बाजूची झटका. ठाण्याच्या पावसाळ्यात डबी भिंतीला लागून ठेवू नका.

प्रश्न : अशा फोटोंना संगणकावर रंग भरते. काळा किमोनो काळाच ठेवू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. कोलोडियनला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, निळा मात्र भरपूर दिसतो. त्यामुळे लाल अस्तर काळं येतं आणि आकाशी कापड पांढरट. जपानमधल्या योकोहामा शहराच्या स्टुडिओत हाताने रंगवलेल्या कागदी फोटोंचाही आधार घेऊ नका. तिथले रंग रंगाऱ्याच्या मनाचे असू शकतात. नक्षी, कापडाची चमक आणि बाहीची लांबी पाहा. लांब बाही म्हणजे अविवाहित मुलगी, आणि तिच्या अंगावर लाल रंग असण्याची शक्यता बरीच.